शून्य वेळा

पडद्यावर ते दोन शब्द दिसले तेव्हा झिमासाला वाटलं, कुणीतरी आपल्या घरात शिरून बाहेर आलंय आणि येताना दाराजवळची वस्तू उचलून आणलीय. न्याथेला काकुहले. जपून पाऊल टाक. लाल अक्षरांत, ओळीच्या बरोबर मध्यावर, डावीकडे थोडे शब्द, उजवीकडे थोडे शब्द. संगणकातलं ते मोजणीचं यंत्र प्रत्येक शब्दाला त्याच्या शेजाऱ्यांसकट असं उभं करायचं. अख्खं पोर्ट एलिझाबेथ निरोप देताना 'हाम्बा काकुहले' म्हणतं, नीट जा. टॅक्सीतून उतरणारा म्हणतो, चर्चच्या पायरीवर बायका एकमेकींना म्हणतात, कबरीत मूठभर माती टाकतानासुद्धा तेच म्हणतात. 'न्याथेला' म्हणणारी बाई झिमासाच्या माहितीत एकच होती, ती झ्वीदे वस्तीतल्या निळ्या दाराच्या घरात राहायची आणि ती तिची आई होती. शाळेत जाताना रोज तो शब्द पाठीवर पडायचा. मुली हसायच्या, तुझ्या आईला काय वाटतं, सगळा रस्ता शेणानं भरलाय? झिमासाला त्याचा राग यायचा नाही. कपचे उडालेली पिवळी थाळी, कडी लावली तरी हलणारी मागची खिडकी, तसा तो शब्द आपल्या घरचा होता. आणि आता तो एका जुन्या टेपच्या उताऱ्यात होता. बोलणाऱ्या बाईचं नाव काढून टाकलेलं होतं आणि ती टेप झिमासाच्या जन्माच्या कितीतरी आधीची होती.

"बघितलंस ना, सिसी? ही फाईल फुटलीय," शेजारच्या खुर्चीवरून ल्वांदो म्हणाला. तो तिच्याच वर्गातला, तरी तिला सिसी, म्हणजे ताई म्हणायचा; सुट्टीच्या या संशोधनवर्गात तिचा जोडीदार. तोंडात कायम काहीतरी चघळत असायचा. "'हाम्बा' शून्य वेळा. बाई पाऊण तास बोलते, खेड्यातून शहरात आली त्याची गोष्ट सांगते, आणि एकदाही जाणं नाही, चालणं नाही, प्रवास नाही. उडत आली काय?"

"टाइप करणाऱ्याची चूक असेल," झिमासा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"तेच. म्हणून मी नियम टाकून दिला. 'न्याथेला' दिसलं की 'हाम्बा' मोजायचं. आता बघ, आलेख कसा शहाण्यासारखा सरळ झाला."

डिसेंबर होता. बाकीचं विद्यापीठ रिकामं झालं होतं. मुलं बसच्या टपावर गाद्या आणि खोकी बांधून आपापल्या गावी गेली होती आणि वसतिगृहाच्या दारांवर समुद्रावरचा वारा नुसता धडका देत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून डॉक्टर हेन्ड्रिक्सनी हा वर्ग काढला होता. ऐंशीच्या दशकात एका गोऱ्या अभ्यासक बाईनं शहरातल्या कारखान्यांतून आणि लोकांच्या स्वयंपाकघरांतून राबणाऱ्या बायकांशी बोलून टेपा भरल्या होत्या. त्यांचे उतारे आता संगणकात होते, आणि ते वाचायचे नव्हते, मोजायचे होते. पहिले काही दिवस सगळी साफसफाईच शिकण्यात गेली. चुकीची अक्षरं काढा, निरर्थक शब्द गाळा, एका शब्दाची सगळी रूपं एका मुळाखाली आणा. यंत्र परदेशी होतं. त्याला वाटायचं की दोन शब्दांच्या मध्ये नेहमी जागा असते. पण खोसा भाषेत 'मी निघून गेले' एवढं सगळं एकाच शब्दात बसतं, न्दिहाम्बिले, आणि त्यातून 'हाम्बा' हे मूळ सोडवून यंत्राला दाखवावं लागतं, मटारच्या शेंगेतून दाणा काढून दाखवावा तसं. झिमासाला हे काम आवडलं होतं. तिच्या बोटांना ते जमत होतं. "यंत्राला अर्थ कळत नाही," हेन्ड्रिक्सबाई म्हणाल्या होत्या, "त्याला फक्त असणं आणि नसणं कळतं. असण्याकडे कुणीही बघेल. तुम्ही नसण्याकडे बघायला शिका." बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. झिमासाला लिहायची गरज पडली नव्हती. गेले अकरा महिने ती दुसरं काय करत होती? पाळण्यातल्या लेकीच्या श्वासाकडे कान लावून बसायचं, तो ऐकू येतोय तोवर काही नाही, मध्येच ऐकू येईनासा झाला की उठायचं.

शून्य म्हणजे चूक नव्हे, हे तिला ल्वांदो बोलत असतानाच कळलं होतं. ल्वांदो शहरातला मुलगा. त्याच्या घरात सून म्हणजे घट्ट जीन्स घालून रविवारी कोंबडी तळणारी वहिनी. झिमासा मात्र सेन्तानी गावाजवळच्या टेकडीवर सून होऊन राहून आली होती. गुडघ्याखाली जाणारा झगा, कपाळावर भुवयांपर्यंत ओढलेला रुमाल, खांद्यावर शाल, आणि तोंडात चाळणी. सासऱ्याचं नाव झिमासिले. ते घ्यायचं नाही, एवढ्यावर भागत नाही. त्या नावातला तुकडा ज्या ज्या शब्दात येईल तो प्रत्येक शब्द टाळायचा आणि त्याच्या जागी दुसरा शोधायचा. म्हणजे झिमासाला त्या घरात स्वतःचंच नाव घेता येत नव्हतं. पहिल्या दिवशी सासूनं विचारलं, कोण गं तू, आणि तिनं सवयीनं सांगितलं, तेव्हा चुलीजवळच्या बायका श्वास घ्यायच्या थांबल्या होत्या. मग तिला नवं नाव मिळालं, नोखाया. ती त्या नावाला ओ द्यायला शिकली. जी सून नीट बोलते तिच्या बोलण्यात भोकं असतात, आणि प्रत्येक भोकाचा आकार घरातल्या कुणा वडीलधाऱ्याच्या नावाएवढा असतो. तेव्हा ही टेपवरची बाई 'हाम्बा' म्हणत नव्हती, कारण तिच्या सासऱ्याच्या नावात ते होतं. एवढं साधं होतं. साधं नव्हतं ते पुढचं. झिमासाच्या बाबांच्या वडलांचं नाव वेलिले, त्यांच्या भावाचं म्झोली, आजोबांचं गेजा. लहानपणी ती सगळी साखळी तिनं पाठ केली होती आणि त्यात कुठेही 'हाम्बा' नव्हतं. आई ज्या घरची सून होती त्या घरात हा शब्द टाळायचं काही कारण नव्हतं.

छाती भरून आल्यासारखी झाली, आणि मग लक्षात आलं की खरोखरच भरली आहे, दुधाची वेळ झाली होती. ती बायकांच्या स्वच्छतागृहात गेली, दूध काढून बाटली भरली आणि झाकण लावता लावता स्वतःला समजावलं की एका शब्दावरून काही ठरत नाही. पोटजातीगणिक बोली असतात. एखादं खेडंच्या खेडं तसं बोलत असेल. ती परत आली, हेडफोन घेतले, मूळ टेप ऐकायची परवानगी ज्यांना होती त्यांत तिचं नाव होतंच, आणि ती फाईल उघडली. आधी नुसती खरखर. मग कपबशीचा आवाज, लांब कुठेतरी कुत्रं, आणि मग आई. वीस वर्षांचीही नसलेली आई, आवाजात अजून पाणी असलेली, पण वाक्याच्या शेवटी जीभ टाळ्याला लावून टचकन वाजवणारी तीच. झिमासानं डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीवर अग्निशमनाच्या सूचना होत्या, त्या ती वाचत राहिली.

आई त्या गोऱ्या बाईला सांगत होती की तिचं लग्न कुठल्या डोंगरापलीकडे झालं, नवरा सोन्याच्या खाणीत होता आणि वर्षातून एकदा यायचा. घरात नवऱ्याचा थोरला भाऊ होता. तो अंधार पडायच्या वेळेला तिच्या झोपडीच्या दारात येऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही, काही करायचा नाही, नुसता उभा. "दाराला कडी होती ना?" गोऱ्या बाईनं मोडक्या खोसात विचारलं. आणि आई हसली. तरुण मुलगी म्हाताऱ्या माणसासारखी हसते तसं. "कडी होती. कडीला काय कळतं बाहेर कोण आहे? कडी लावून माणूस झोपत नाही, ताई. कडीकडे बघत बसतो." मग आईनं आपण होऊन सांगितलं, मला मुलगी झाली तर मी तिला परत कधी धाडणार नाही. दारात आली तर आधी चहा टाकीन, मग काय ते विचारीन. आणि शेवटी खुर्च्या सरकल्याचा आवाज, आणि तो निरोप. न्याथेला काकुहले.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले तेव्हा ते वाकडे पडले आणि त्यातून खरखर येत राहिली.

गेल्या वर्षी जूनमध्ये, पोटात ओवायो दोन महिन्यांची असताना, झिमासा सेन्तानीहून एकटी बसनं आली होती. निळ्या दारात उभी राहिली तेव्हा हातापायाला थंडीनं भेगा पडल्या होत्या. आईनं काही न विचारता चहा टाकला होता. ते तिला आता आठवलं, आणि आठवल्यावर जास्त लागलं, की चहा खरंच आधी टाकला होता. दूध जास्त, साखर तीन चमचे, पिवळ्या थाळीत पाव. मग झिमासानं सांगितलं. नवरा, सिबूलेले, रुस्टेनबर्गला खाणीत, फोन लागला तर लागतो, आणि त्याचा थोरला भाऊ संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो. बोलत नाही. सासरे भिंतीकडे तोंड करून झोपतात. सासू म्हणते, तो घरचा कर्ता आहे, बघायला येतो. आई ऐकत होती. तिच्या हातात सोलायचा बटाटा होता आणि तिनं साल न तोडता अख्खा सोलला, लांबच लांब, आणि मग विचारलं, "दाराला कडी आहे ना?"

"आहे."

"मग झालं. बाई एकदा त्या घरी गेली की तिथली. आमच्यात कुणी परत आलेलं नाही."

सोमवारी आईनं स्वतः तिला बसपर्यंत पोचवलं, पिशवीत अमाग्विन्या, तळलेले पिठाचे गोळे, बांधून दिले, आणि खिडकीशी उभं राहून म्हणाली, न्याथेला काकुहले. त्या वेळी झिमासाला त्या शब्दाचा आधार वाटला होता. आपल्या घरचं काहीतरी सोबत येतंय असं. बाळंतपणासाठी ती पुन्हा आली, आणि मग डॉक्टर हेन्ड्रिक्सच्या पत्रानं राहिलेलं वर्ष पुरं करायला थोडी मुदत मिळाली. पण तीही संपत आली होती. या शुक्रवारी तिघींची बस होती. ओवायोला पूर्वजांसमोर न्यायचा विधी, बकरा बांधून तयार, आईनं पांढरं घोंगडं आणून ठेवलं होतं, आणि सासरच्यांना शब्द दिला होता की यापुढे पोर आणि तिची आई तिकडेच राहतील. कॉलेज पुरे.

ल्वांदो बाहेर काहीतरी खायला आणायला गेला होता. झिमासानं त्याचा नियम उघडला. एकच ओळ होती. ती तिनं पुसली आणि पुन्हा मोजणी लावली. आलेखातली ती एक काडी खाली कोसळली.

"नियम कुणी काढला?" तो परत येऊन म्हणाला. हातात वाफाळत्या बटाट्याची पुडी होती.

"मी."

"अगं मग पुन्हा शून्य येणार."

"येऊ दे."

"बाई शुक्रवारी निकाल दाखवायला सांगतायत आणि तुझं येऊ दे? त्या विचारतील हे भोक कसलं, मी काय सांगू, उंदरानं खाल्लं?"

"सांग, तिनं तो शब्द वापरला नाही. तिनं जो वापरला नाही तो तिच्या तोंडी आपण नाही घालायचा."

ल्वांदोनं तिच्याकडे नीट बघितलं. मग बटाटे पुढे केले. "माकोटी आज कडक आहे," तो म्हणाला, नव्या सुनेला म्हणतात तसं, पण थट्टा अर्ध्यावर सोडून दिली.

घरी जाताना टॅक्सीत ती मागच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये चेपून बसली होती आणि तिच्या मनात काही विचार येत नव्हता, फक्त एक चित्र परत परत येत होतं. लग्नाचा दिवस, सेन्तानी. अंगणात बायका गात होत्या, पुरुष बियरचं भांडं फिरवत होते. तिला तिच्या नव्या झोपडीत बसवलं होतं, मान खाली. आणि आई आत आली होती. आई भिंत बघत होती, दार बघत होती, आणि मग तिनं दाराची नवी कडी धरून मागेपुढे केली. सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. झिमासाला तेव्हा वाटलं होतं, आईला दार आवडलं. नवीन लाकूड, रंगाचा वास, कोणाला आवडणार नाही. टॅक्सीत कुणाचा तरी फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. ती कडी तिला आता दिसत होती, आईची बोटंही. आत काय जाणार आहे हे माहीत असलेल्या माणसानं पिंजऱ्याचं दार तपासून घ्यावं तशी ती बोटं.

आई मागच्या अंगणात वाऱ्याच्या आडोशाला वाळलेले कपडे काढत होती. ओवायो तिच्या पाठीवर घोंगड्यात बांधलेली, एक तळवा बाहेर. ऊन अजून भिंतीवर होतं.

"आलीस? कण्या आणि घेवडा शिजवलाय. तुझ्या सासूचा फोन होता, विचारत होती पोरीला उलटी होते का गाडीत. मी म्हटलं, आमच्यात कुणाला गाडी लागत नाही."

"आई, 'हाम्बा' म्हण."

"काय?"

"शब्द आहे. म्हण ना."

"मी काय पोपट आहे?" आईनं चिमटे ॲप्रनच्या खिशात टाकले. "डोकं तापलंय का? मशीनसमोर बसून बसून असंच होतं."

"आज एक टेप ऐकली. जुनी. तू होतीस."

आईनं उशीचा अभ्रा झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि झिमासा बघत होती, ती नजर चुकवू देणार नव्हती. शेवटी आई म्हणाली, "ती गोरी बाई म्हणाली होती, नाव घालणार नाही."

"नाही घातलं."

"मग तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू जे बोलली नाहीस त्यावरून कळलं." दुपारपासून झिमासा एक शब्द सोलत होती, शेंगेतून दाणा काढावा तसा. न्दिहाम्बिले. मी निघून गेले. टेपवर सगळं होतं, डोंगर, खाण, दारातला माणूस, पण हे एक वाक्य नव्हतं, जे त्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाक्य असायला हवं होतं. त्या वाक्याच्या पोटात कुणाचं तरी नाव अख्खंच्या अख्खं बसलं होतं. "त्यांचं नाव हाम्बिले होतं?"

आईचा हात कपाळाकडे गेला. तिला कळायच्या आत गेला. रुमाल भुवयांपर्यंत खाली आला, मान वाकली, आणि आपली पन्नाशीची आई, चर्चच्या बायकांना दटावणारी, रांगेत पुढे घुसणाऱ्याला कोपर मारणारी, एका क्षणापुरती कुणाच्या तरी अंगणात उभी असलेली नवी सून झाली. पाठीवर ओवायो हसली. तिला वाटलं, आजी खेळतेय.

"त्यांचं नाव नको घेऊस," आई हळू म्हणाली. "म्हाताऱ्याचा काही दोष नव्हता. तोच एक माणूस. त्याला दिसत होतं थोरला काय करतो ते. एके पहाटे दारावर काठी वाजवली, म्हणाला, चल. रस्त्यापर्यंत माझ्या पुढे चालत आला, मागे वळला नाही. बस आली तेव्हा म्हणाला..." ती थांबली.

"हाम्बा म्हणाला."

"तेच म्हणाला. जा, पोरी, आणि मी जिवंत आहे तोवर मागे फिरू नकोस. मला आयुष्यात जा म्हणणारा तेवढा एकच. बाकी सगळे ये म्हणतात, बस म्हणतात, कर म्हणतात." तिनं कपड्यांचा ढीग छातीशी धरला. "नवरा गेला उडत, त्याचं घर गेलं उडत. पण त्या म्हाताऱ्याचा मान मी नाही मोडणार."

तर तीस वर्षं आईनं शब्द पाळला होता. रोज, प्रत्येक निरोपाला, झोपेतसुद्धा. झिमासाला गंमत वाटली की आपल्याला रडू येत नाहीये. आईनं शब्द पाळला होता, फक्त मुलीला दिलेला नव्हे.

"आणि मला?" ती म्हणाली. "तू म्हणालीस, मुलगी झाली तर परत धाडणार नाही. मी ऐकलं."

"मशीनपुढे माणूस काय वाटेल ते बोलतो. वय काय होतं माझं?"

"कडीला काय कळतं, म्हणालीस. आणि मला विचारलंस, कडी आहे ना."

"झिमासा."

"लग्नात तू कडी बघत होतीस. मला वाटलं, दार बघतेस."

आईनं ढीग टोपलीत टाकला. आता ती चिडली होती, आणि चिडल्यावर तिला जरा बरं वाटत असावं. "हो, बघत होते. चांगली होती, माझ्या वेळची नुसती तार होती. परत आलेली बाई कशी जगते ते आहे का त्या टेपवर? नाही ना? कारण ती गोरी बाई पुन्हा विचारायला आलीच नाही. माझ्या भावांनी मला घरात घेतलं नाही. या शहरात मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फरशीवर झोपले. तुझ्या बापाला सांगितलं, कुमारी आहे. त्याच्या घरच्यांना आजही माहीत नाही. माहीत असतं तर तू नसतीस, ही पोर नसती, हे दार नसतं. मला वाटलं, तुझं निभेल. तुला नाव आहे, घर आहे. मी बिननावाची होऊन जगले, तू का जगावंस?"

"तिथे मला माझं नाव घेता येत नाही, आई."

वाऱ्यानं एक चिमटा अंगणात घरंगळत नेला आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. झिमासाच्या मनात आलं, ही खोटं बोलत नाहीये. हिला खरंच भीती वाटली होती, आणि त्या भीतीत तिनं मला पुढे केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी कमी होत नाही. आपण ओवायोसाठी काय काय करू? कशाला भिऊन कुठे ढकलू? तिनं हात पुढे करून पोरीचा तळवा धरला. तो गरम होता.

"मी शुक्रवारी बसनं येत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी आमचा निकाल आहे."

"त्यांना शब्द दिलाय मी."

"तू दिलायस."

"मग मी काय सांगू त्यांना?"

"ते तू बघ. मला एकदा म्हण फक्त. म्हाताऱ्यानं तुला म्हटलं तसं. जा म्हण. हाम्बा. एकदाच."

आईनं तोंड उघडलं. झिमासानं बघितलं, ओठ उघडले, श्वास आत गेला, तो 'ह' घशापाशी येऊन उभा राहिला, दारात कुणी उभं राहावं तसा, आत नाही आणि बाहेर नाही. मग आईनं तोंड मिटलं. "तो मेला असेल गं आता," झिमासा जवळजवळ विनवत म्हणाली. "म्हणूनच तर," आई म्हणाली, आणि कपड्यांची टोपली उचलून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. मग किटलीचा. ती चहा टाकत होती. झिमासा भिंतीशी उभी राहिली आणि पहिल्यांदाच चहाला आत गेली नाही.

शुक्रवारी सकाळी वारा पडला होता. खोलीत पांढरं घोंगडं घडी करून ठेवलेलं, बसची मोठी पिशवी आईनं तरीही भरून ठेवली होती, तिच्या स्वभावाप्रमाणे, उलटीसाठी कागदी पिशव्यासुद्धा वर दिसत होत्या. रोज झिमासा बाटल्या भरून ठेवून, ओवायोला आईच्या पाठीवर देऊन निघायची. आज तिनं पोरीला स्वतःच्या पाठीवर घेतलं, जुनं तपकिरी घोंगडं गुंडाळून छातीवर गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा मारली.

"तिला कुठे?" आई स्वयंपाकघराच्या दारात होती. हाताला पीठ.

"लॅबमध्ये."

"मशीनच्या खोलीत? ती रडेल. तिथे कोण बघणार तिला?"

"मी."

"माझ्यापाशी राहू दे. रोज राहते."

झिमासा गाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिनं फक्त भरलेल्या पिशवीकडे बघितलं, मग आईकडे, आणि आईला कळलं. आईच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरलं, आणि झिमासाला ते बघवलं नाही, आणि तिनं गाठही सोडली नाही. ती निळ्या दाराबाहेर आली. समोर शेजारीण कचरा काढत होती. मागून, तीस वर्षांच्या सवयीनं, जिभेनं काही विचारायच्या आधी, आई म्हणाली, "न्याथेला काकुहले."

याला उत्तर ठरलेलं असतं, तू नीट राहा. लहानपणापासून झिमासानं ते कधी चुकवलं नव्हतं, भांडण असलं तरी पुटपुटायची. ती वळली. आई उंबऱ्यावर उभी होती, पिठाचे हात अंगापासून दूर धरून.

"न्दिहाम्बिले," झिमासा म्हणाली. मी निघाले.

साधा शब्द. रस्त्यावर दिवसभर लोक म्हणतात. आईचा पिठाचा हात कपाळाकडे गेला, रुमाल खाली आला, आणि भुवईवर पांढरं बोट उमटलं. झिमासा टॅक्सीच्या कोपऱ्याकडे चालू लागली. पाठीवर ओवायो जागी होती, तिच्या मानेशी तिचा श्वास लागत होता, आणि फुटपाथ फुटलेला होता, जागोजागी खड्डे. ती पायाखाली न बघता चालत राहिली.